तिथी बघून किल्ला, ऊन बघून सडा

रत्नागिरीत घर असलं की नातेवाईक आपोआप वाढतात. दिवाळी झाली की पुण्या-मुंबईचे फोन सुरू होतात, आणि मे महिन्यात तर आमच्या पडवीतल्या खाटा रिकाम्या राहत नाहीत. पूर्वी या मंडळींचा दौरा ठरलेला असायचा : गणपतीपुळे, आरे-वारे, थिबा पॅलेस, रत्नदुर्गावरची भगवती, आणि निघताना गाडीच्या डिकीत आंब्याच्या पेट्या. आता त्यात एक फर्माईश वाढली आहे, "काहीतरी जुनं, खरंखुरं जुनं दाखव ना." २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जुलै २०२५ मध्ये हर्णैचा सुवर्णदुर्ग मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर थेट जागतिक वारसा यादीत जाऊन बसला. वर्तमानपत्रात फोटो आले, आणि ज्यांनी जन्मात कधी किल्ल्याची पायरी चढली नव्हती तेही विचारू लागले.

मला इतिहासाची आवड आहे, पण मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. पाहुण्यांना घेऊन फिरता फिरता जे उमगलं ते लिहिते आहे. तारखा आणि राजवटी माहितीच्या पाटीवर मिळतात. पाटीवर नसतं ते सांगायचं आहे.

१. खोली नंतर बुक करा, तिथी आधी बघा.

हर्णैच्या बंदरात उभं राहिलं की सुवर्णदुर्ग समोरच दिसतो. इतका जवळ, की पाहुणे म्हणतात, "हे काय, दहा मिनिटांत जाऊन येऊ." अंतर खरंच फार नाही. पण मी गेले तेव्हा तरी बेटावर होडी लावायला धक्का नव्हता. होडी काठाजवळ नेतात, आणि आपण कपडे सावरत पाण्यात उतरायचं. ते पाणी घोट्याला लागणार की कंबरेला, हे आपल्या सुट्टीच्या अर्जावर ठरत नाही.

आमच्याकडे याचा एक जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास सुकती. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला पाणी उतरलेलं. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं; अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा समुद्र त्या मानाने मवाळ. हा अदमास आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं ते जास्त अचूक असतं. पण पाऊणपट तोंडी होते, आणि चारचौघांत करून दाखवली की पाहुण्यांत आपला भाव वाढतो.

शेवटचा शब्द मात्र होडीवाल्याचा. एकदा पंचांग, कोष्टक, ऊन सगळं जुळून आलेलं असताना तांडेल म्हणाला, "ताई, आता नाही न्यायचो. वारा चढतोय, परत येताना पोरं भिजतील." आमच्यातल्या एका काकांनी दुप्पट पैसे देऊ केले. तो हसला आणि जाळं विणत बसला. दुपार कलली तसा समुद्र असा काही खवळला, की काकांनी पैशांचा विषय पुन्हा काढला नाही. म्हणून किल्ला सकाळचाच धरावा. आणि पावसाळ्यात धरूच नये. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमा होईपर्यंत इकडचा माणूस समुद्राच्या वाटेला जात नाही, आपण कशाला जावं?

२. बेटावर जाण्याआधी त्याच्याकडे नीट बघा.

आदल्या संध्याकाळी कनकदुर्गावर जावं. हा किनाऱ्यावरचा छोटा किल्ला, आता त्यावर दीपगृह आहे. जवळच फत्तेगड, त्यावर वस्ती झाली आहे. दोऱ्यांवर वाळत घातलेली मासळी आणि कपडे यांतून तटबंदीचा एखादा तुकडा डोकावतो. पलीकडे गोवा किल्ला, त्याचा तट अजून बऱ्यापैकी उभा. हे तीन किनाऱ्यावर आणि चौथा पाण्यात. समोरचा जलदुर्ग एकटा नाही, ही एक जोडणी आहे, हे कनकदुर्गावरून जितकं कळतं तितकं बेटावर पोचल्यावर कळत नाही. बेटावर गेलं की आपण तटाच्या आत असतो, आणि आतून फक्त झाडं दिसतात.

३. दारात रेंगाळा.

सुवर्णदुर्गाचं महाद्वार लांबून दिसत नाही. बुरुजांच्या आडोशाला ते असं वळवून बसवलं आहे, की होडी अगदी जवळ येईपर्यंत आत शिरायचं कुठून हेच समजत नाही. शत्रूच्या तोफेलाही ते समजू नये म्हणून हा खटाटोप. दाराशी पोचलं की बहुतेक मंडळी सेल्फी काढून आत पळतात. पळू नये. दारापाशी तटाच्या भिंतीवर मारुती कोरलेला आहे, आणि पायरीवर एक कासव. खाऱ्या वाऱ्याने मारुतीच्या कडा बोथट झाल्या आहेत, पण उगारलेला हात आणि शेपटीचा डौल ओळखू येतो. कासवावर तर किती जणांचे पाय पडले असतील कोण जाणे. ते गुळगुळीत झालं आहे आणि ओलं असेल तेव्हाच उठून दिसतं. बाटलीतलं घोटभर पाणी त्यावर ओतलं की पाठीची गोलाई आणि चार पाय वर येतात.

मग तटाच्या पायाकडे बघावं. खालचा भाग रचलेला नाही, बेटाचाच खडक तासून उभा केलेला आहे आणि त्यावर चिरे चढवले आहेत. खडक कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ती रेघ बोटाने शोधता येते. लाटांनी इतकी शतकं धडका देऊनही हा तट का उभा आहे, याचं उत्तर त्या रेघेत आहे. मला स्वतःला सगळ्या किल्ल्यात हीच गोष्ट सर्वांत आवडते, आणि ती बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

४. पडकं का पडलं, ते विचारा.

ढासळलेलं दिसलं की आपण 'काळाचा महिमा' म्हणून मोकळे होतो. काळ एकटा एवढं करत नाही. सुवर्णदुर्ग हे आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं होतं. कान्होजींचं नाव या किल्ल्याशी जोडलेलं आहे. पुढं तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं बिनसलं, आणि पेशव्यांनी आपल्याच आरमाराविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने समुद्रातून तोफा डागल्या. आत आग लागली, दारूकोठार उडालं, आणि किल्ला पडला. ठरल्याप्रमाणे तो पेशव्यांकडे गेला. पण त्या सौद्यात कोकणच्या समुद्राचं काय झालं, हे पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत सगळ्यांनी पाहिलं. आंग्र्यांचं आरमार बुडवण्यात आपलाच हात होता, हे पाहुण्यांना सांगितलं की थोडी शांतता पसरते. पसरू द्यावी.

या गोष्टीचा उरलेला तुकडा लंडनमध्ये आहे. जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ साली शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक तीन कोनी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, इंग्रजांच्या जिभेवर चढलेला. तोही मधे बंद पडून खराब झाला होता. मग स्थानिक लोकांनी संस्था काढून, पैसे उभे करून २०१४ मध्ये तो पुन्हा उघडला. माझा भाचा तिकडं राहतो. त्याला मी मुद्दाम पाठवलं. "मावशी, वरून लंडन दिसतं आणि खाली केक मिळतो," असा त्याचा अहवाल. म्हणजे विजयाच्या आठवणीखाली केक मिळतो आणि जो किल्ला जिंकला त्यात झाडोरा वाढतो. रागवावं की हसावं, मला ठरवता आलेलं नाही. पण कुणी लंडनला जाणार असेल तर हे आवर्जून बघून यावं. मराठ्यांच्या इतिहासाची खूण तिथं एका टेकडीवर उभी आहे, आणि आसपासच्या फारच थोड्या लोकांना हर्णै कुठं आहे ते ठाऊक असेल.

५. पाणी शोधा.

कुठल्याही पडक्या जागी गेलात आणि काय बघावं कळेनासं झालं, तर पाणी शोधायला लागा. राजवाड्याचं जोतं कुठलं आणि कोठार कुठलं, यावर वाद होतात. विहीर किंवा टाकं मात्र खोटं बोलत नाही. चारही बाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावर गोडं पाणी टिकवल्याशिवाय शिबंदी राहूच शकत नव्हती. सुवर्णदुर्गात पाण्याच्या जागा आहेत. तिथं उभं राहून विचार करावा : इथून दारापर्यंत घागर कुणी नेली असेल, चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेलं की काय करत असतील, वेढा पडला असताना रोज माणशी किती पाणी मिळत असेल. लढाया थोडे दिवस चालतात, पाणी रोज लागतं.

६. महामार्ग टाळा, खाड्या ओलांडा.

रत्नागिरीहून हर्णैला, म्हणजे दापोलीकडे जायचं तर लोक सरळ मुंबई-गोवा महामार्ग धरतात आणि मग रस्त्याला शिव्या घालतात. मी पाहुण्यांना किनाऱ्याने नेते. गणपतीपुळ्यावरून जयगड, तिथं गाडीसकट फेरीबोटीत बसायचं आणि शास्त्री नदीच्या खाडीपलीकडे तवसाळला उतरायचं. गुहागरला जेवायचं. मग धोपाव्याला पुन्हा फेरीबोट, वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळ. वाटेत जयगडचा किल्ला, अंजनवेलचा गोपाळगड, दाभोळची विजापूरकरांच्या काळातली दगडी मशीद. तीन ठिकाणं, दोन खाडीमुखं. हे किल्ले तिथंच का, हे फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की कुणी सांगावं लागत नाही. खाडीतून घाटावर जाणारा माल म्हणजे पैसा, आणि जिथं खाडी समुद्राला मिळते तिथं जकातीचं दार.

दाभोळ आज निवांत गाव आहे. पण अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थान फिरून परत निघाला, तो याच बंदरातून जहाजात बसला. अरबी घोडे इथं उतरायचे. आता फेरीबोटीतून दुचाक्या, आंब्याचे टेंपो आणि शाळेची मुलं उतरतात. सागरी महामार्गाचे पूल झाले की हा प्रवास संपेल. इकडच्या माणसांची सोय होईल, त्याबद्दल तक्रार नाही. पण झाले नाहीत तोवर फेरीबोटीने जावं.

७. एका दिवसात एकच जागा.

पन्हाळेकाजीची लेणी दापोली तालुक्यात आहेत, कोटजाई नदीच्या काठी, दाट झाडीत. १९७०च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला. एकूण २९ लेणी. दुपारी दोनला पोचून चारला हर्णैचा मासळीचा लिलाव गाठायचा, असा बेत घेऊन येणाऱ्यांनी इथं येऊच नये. कारण ही लेणी एका राजाची किंवा एका धर्माची नाहीत. आधी इथं हीनयान बौद्ध भिक्षू राहिले, मग वज्रयानी आले, शिलाहारांच्या काळात शिव आणि गणपती आले, आणि शेवटी नाथपंथी. एकाच खडकात हजारभर वर्षं माणसं येत राहिली, आधीच्यांच्या खोल्यांत आपले देव बसवत राहिली. एका लेण्याच्या छतावर रामायणातले प्रसंग कोरले आहेत. मान वर करून बघावं लागतं, आणि मान दुखायला लागते तेव्हा कुठं पात्रं ओळखीची होऊ लागतात. बाकीच्या लेण्यांपासून बाजूला, थोडं चालून गेल्यावर गौर लेणं आहे. बहुतेक लोक तिथवर जातच नाहीत. तिथले नाथसिद्ध बघण्यासाठी पुन्हा यायला मी तयार आहे.

पायात चांगले बूट हवेत. एवढंच.

८. सड्यावर ऊन बघून जा.

आता कातळशिल्पं. हा माझा खरा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून थोडं लांबेल.

सडा म्हणजे जांभ्याचा उघडा माळ. उन्हाळ्यात काळा ठिक्कर, पावसाळ्यात हिरवा, आणि पाऊस ओसरताना काही दिवस रानफुलांचा. या सड्यांवर माणसाने रेघा खोदून हत्ती, मासे, वाघ, माणसं आणि कशाचीच ओळख न पटणाऱ्या नक्ष्या काढून ठेवल्या आहेत. किती जुन्या? अभ्यासक साधारण मध्याश्मयुगाकडे बोट दाखवतात, म्हणजे दहा हजार वर्षांच्या मागेपुढे. काही चित्रांत गेंडा आणि पाणघोडा दिसतो. आज कोकणात गेंडा कुणी पाहिलेला नाही. ज्याने काढला त्याने पाहिला होता, असं धरून चालायला हरकत नाही. गुराख्यांना आणि गावच्या म्हाताऱ्यांना ही चित्रं ठाऊक होतीच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीकरांनी सडे पायांखाली घालून, त्याच गुराख्यांना विचारत विचारत, ती नकाशावर आणली. युनेस्कोच्या संभाव्य यादीतली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही ठिकाणं आपल्याच जिल्ह्यातली.

भर दुपारी गेलात तर काही दिसणार नाही. खरंच नाही. रेघ कुठं बोटभर खोल, कुठं त्याहून कमी. सूर्य डोक्यावर आला की तिच्यात सावली उरत नाही आणि हत्ती जमिनीत विरघळतो. सकाळी सात ते नऊ, किंवा चारनंतर. तिरप्या उन्हात रेघेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते, आणि आत्तापर्यंत नुसता खडक होता तिथं सोंड दिसते. एका बाजूने नाही दिसलं तर फिरून सूर्यासमोर तोंड करून उभं राहावं. जवळ बसलात तर रेघेच्या तळाशी कातळाचा तांबूस रंग, त्यात अडकलेली वाळकी गवताची काडी आणि मुंग्यांनी आणून टाकलेली माती दिसते. काही जण रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडूने गिरवतात. मनापासून विनंती, हे करू नका. आणि रेघेवर पाय देऊ नका, मग ती कितीही भक्कम वाटो. जांभा वरून कडक दिसतो, पण कडा खरवडल्या जातात.

कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. त्याच्या शेजारी उभं राहिलं की हत्ती दिसत नाही, नुसत्या रेघा दिसतात. मुंगीने रांगोळीवरून चालावं तशी आपली गत होते. ज्याने काढला त्याला तो अख्खा कधी दिसला असेल? जवळ उंच जागा नाही. डोक्यातल्या हत्तीच्या भरवशावर त्याने इतकी लांब पाठ ओढली आणि ती चुकली नाही. आम्ही गेलो होतो तेव्हा बरोबरच्या एका शाळकरी मुलीने सोंडेच्या टोकापासून शेपटीपर्यंत बाजूबाजूने पावलं मोजत चालून बघितलं, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. नंतर म्हणाली, "आत्या, त्याने आधी वाळूत सराव केला असेल का?" मला हा प्रश्न फार आवडला. यावर कुणी निबंध लिहिला असेल तर मला वाचायचा आहे. कशेळीला गेलात तर कनकादित्याचं सूर्यमंदिरही बघून या.

उक्षीचा हत्ती लहान, पण बघायला सोपा. गावाने पुढाकार घेऊन त्याभोवती कठडा बांधला, वरून बघायची सोय केली. रत्नागिरीत एकच सकाळ हाताशी असेल तर उक्षीला जा. देवाच्या गोठण्याला होकायंत्र घेऊन जा. तिथल्या मानवाकृतीपाशी सुई वेड्यासारखी वागते. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस आहे. २०२३ साली बारसूचं नाव रोज वर्तमानपत्रात होतं, रिफायनरीच्या माती परीक्षणामुळे आणि त्याविरुद्धच्या आंदोलनामुळे. त्या गदारोळात तो वाघवाला माणूस काही लोकांना पहिल्यांदा कळला.

९. सगळं सावलीत आणू नका.

माझ्या जावेची मुलगी नोकरीनिमित्त युरोपात असते. सुट्टीला ती माल्टा बेटावर जाऊन आली. भूमध्य समुद्रातलं हे बेट, आणि त्यावर साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी देवळं. हाजर ईम नावाच्या देवळावर २००९ साली भलामोठा तंबू उभारला, कारण ऊन-पावसाने दगड झिजत होता. जमिनीखालचं एक प्राचीन दफनस्थळ आहे, तिथं दिवसाला फक्त ८० माणसं सोडतात. तिला फार आधीपासून तिकीट काढून ठेवावं लागलं. क्रीट बेटावर तर आर्थर इव्हान्सने १९०० पासून नॉससचा प्राचीन राजवाडा खणून काढला आणि पडलेले खांब सिमेंटचे करून, लाल रंगवून उभे केले. लोक ते रंगवलेले खांब बघतात आणि तेच जुनं समजून परततात. तिचं म्हणणं, "काकू, तुमच्याकडं काहीच करत नाहीत."

करायला हवं, हे मला मान्य. रत्नागिरीत वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि चिऱ्यांसाठी सडे कापले जातात ते वेगळंच. पण कातळशिल्पावर छप्पर घातलं तर तिरपं ऊन कुठून येणार? ज्या उन्हाने ते दिसतं तेच अडवलं, तर जपलं काय? माल्टाकडून घ्यायचंच तर ते ८० माणसांचं घ्यावं. एका वेळी दहा जण, बरोबर गावचा माणूस, चपला कठड्याबाहेर. एवढ्याला फार पैसे लागत नाहीत. उक्षीत गावानेच सुरुवात करून दाखवली आहे.

१०. गावचा माणूस घ्या, आणि त्याला पैसे द्या.

"वाट नुसती दाखवायची, त्याचे काय पैसे?" असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी पुन्हा नेत नाही. सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो. आपण ज्या पायवाटेने जातो ती कुणाच्या तरी कलमांच्या बागेतून जाते. गडगा ओलांडताना दगड पडला तर परत लावायचा, बेडं उघडलं तर बंद करायचं. बरोबर येणारा माणूस त्याच्या कामाची सकाळ मोडून येतो. शिवाय त्याला जे माहीत असतं ते पाटीवर नसतं : पावसात कुठल्या चित्रात पाणी साठतं, कुठल्या चित्रावर लहानपणी ते खेळायचे, कुठल्या सड्यावर आता चिरेखाण आली आणि काय काय गेलं.

११. हर्णैचा लिलाव बघा, पण मधे उभे राहू नका.

बेटावरून परत आल्यावर संध्याकाळी बंदरात लिलाव असतो. बोटी येतात, मासळी वाळूवर ओतली जाते, पुरुष आणि बायका दोघंही बोली लावतात, आणि ते सगळं इतक्या भराभर चालतं की आपल्याला आकडेही कळत नाहीत. फोटो काढायचा तर विचारून काढा. ती त्यांची कामाची वेळ आहे. सुवर्णदुर्ग मागे सूर्यापुढे काळा झालेला असतो, त्याच्याकडे तिथलं कुणी बघत नाही. मासळी घ्यायची हौस असेल तर किरकोळ वाटे घेऊन बसलेल्या बायकांकडून घ्या. मात्र आधी ज्यांच्या घरी उतरला आहात त्या वहिनींना फोन करा. दमूनभागून सात वाजता आलेल्या पाहुण्याच्या हातात न साफ केलेली कोलंबीची पिशवी बघून हसून "या" म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे, आणि त्यात मी स्वतःही आले.